तीन पॉइंट एक

“बाई, काल ह्याच झाकणाचं तीन पॉइंट एक आलं होतं. मग आज तीन पॉइंट चौदा कसं आलं?”

हा प्रश्न विचारायची पैज आफ्रीन आणि सुहानीनं लावली होती. तास सुरू व्हायच्या आधी दोघींनी मला पाण्याच्या टाकीमागं गाठलं.

“साहेबांसमोर विचारून दाखव.”

“त्यात काय एवढं!”

“आईच्यान म्हण.”

“आईच्यान.”

“सोड गं आफ्रीन,” सुहानी म्हणाली. “हिला कोण विचारू देतंय? हिचा हात डावा आहे.”

ते मला फार लागलं. का लागलं ते कळायला डाव्या हाताची भानगड आधी सांगायला पाहिजे.

मी तेव्हा सातवी ‘ब’मध्ये होते, विट्यात. आता दहावीत आहे आणि कुणालाही काहीही विचारते, पण तेव्हाही काही कमी नव्हते. शाळेची तपासणी होती. सांगलीहून साहेब येणार, एका वर्गात बसून अख्खा तास बघणार, आणि तो वर्ग आमचा. शिकवणार खरमाटेबाई. बाई शिक्षणसेवक होत्या. म्हणजे तीन वर्षं थोडक्या पगारावर राबायचं आणि काम पसंत पडलं तरच कायम. बाईंची तीन वर्षं त्या दिवाळीत भरत होती. तपासणीचा शेरा चांगला आला तर बाई राहणार, नाहीतर जाणार. हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण नंतर ‘मला कुठं माहीत होतं’ असं मी बऱ्याच जणांना म्हटलंय.

आठवडाभर आमची तालीम चालली होती. धडा वर्तुळाचा. बाई डब्याच्या झाकणाभोवती दोरा गुंडाळणार, तो पट्टीवर धरून मोजणार, झाकणाच्या व्यासानं भागणार आणि वर्गाला विचारणार, किती आलं? बाईंनी काहीही विचारलं की झाडून सगळ्यांनी हात वर करायचा. साहेबांना वाटलं पाहिजे, काय वर्ग आहे! फक्त उत्तर येतंय त्यानं उजवा हात करायचा आणि येत नाही त्यानं डावा. बाई उजव्यालाच उठवणार. आम्हाला त्याची फार गंमत वाटायची. मी तर उजवा हात इतका ताणायचे की बाकावरून उठायचे.

मंगळवारच्या तालमीला मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, दारात येऊन उभे राहिले. झाकणाचा व्यास दहा सेंटिमीटर. दोरा भरला एकतीस. भागाकार तीन पॉइंट एक.

“बाई,” मी उठले, “पुस्तकात तर तीन पॉइंट चौदा दिलंय. मग चुकलं कोण, पुस्तक का झाकण?”

वर्ग खदाखदा हसला. बाईही हसल्या. दारातून मोठे सर म्हणाले, “खरमाटे, साहेबांपुढं तीन पॉइंट एक आलं तर शाळेची अब्रू जाईल. चौदाच आलं पाहिजे. काय करायचं ते करा.”

बुधवारच्या तालमीतही तीन पॉइंट एकच आलं. ती संपल्यावर बाई माझ्या बाकापाशी थांबल्या. “तेजल, उद्या तू डावा हात कर.”

“मला येतंय की बाई.”

“माहीत आहे. तरी डावा.”

“पण का?”

“प्रत्येक गोष्टीला का विचारायचं नसतं,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं न बघता पुढं गेल्या.

खरमाटेबाईंनी हे म्हणावं! बाकीच्यांकडून मी ते पहिलीपासून ऐकत होते. सहावीत मी लसावि तोंडी काढला म्हणून पाचपैकी शून्य मिळालं होतं. उत्तर बरोबर होतं, पण ‘पायऱ्या कुठायत?’ असा लाल शेरा. माझी गणितं वर्गाच्या आधी संपायची आणि मग हाताची घडी, तोंडावर बोट. त्या वेळात मी छताच्या पत्र्याचे खिळे मोजले होते, दोनशे बारा. इतिहासाच्या सरांना मी काही विचारलं की ते म्हणायचे, “प्रश्नपेढीत आहे का? नाही ना? बस.” सकाळी शाळेची वेळ झाली की माझ्या पोटात खरोखर दुखायचं. आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता उठून ओवा द्यायची. ओव्यानं काय होणार!

सातवीत खरमाटेबाई आमच्या वर्गावर आल्या आणि ते दुखणं गेलं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, “शून्यानं का भागायचं नाही?” बाई म्हणाल्या, “मला नीट सांगता येणार नाही. उद्या सांगते.” असं म्हणणारी शिक्षिका मी तोवर पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, “तेजल, बारा भाकरी आहेत आणि जेवायला कुणीच नाही. एकेकाच्या ताटात किती?” मी दिवसभर त्या भाकरींचाच विचार करत होते.

त्या बाईंनी मला डावा हात दिला. वर्गात कांचन शिंत्रे होती, तिला सातवीतही पाढे यायचे नाहीत. तिला डावा, मलाही डावा. सुहानी त्याच्यावरून हसली होती.

बुधवारीच कांचनला आणि अजून सात जणांना ‘उद्या घरीच राहा’ असा निरोप मिळाला. निरोप कुणी दिला ते मी विचारलं नाही. ऊठसूट प्रश्न विचारणारी मी, तेवढं विचारलं नाही.

गुरुवारी साहेब आले. मागं खुर्चीवर बसले, शेजारी मोठे सर. बाईंनी इस्त्रीची मोतिया रंगाची साडी नेसली होती. झाकण निघालं. दोरा निघाला. आज त्याच्या टोकाला लाल शाईची खूण होती. गुंडाळला, तर खूण बरोब्बर जुळली. पट्टीवर धरला, एकतीस पॉइंट चार.

“भागिले दहा. किती?”

तेहतीस हात वर गेले. उजव्यांतला एक उठला आणि ओरडला, “तीन पॉइंट चौदा!”

बाई फळ्यावर लिहायला वळल्या तेव्हाही मी हात खाली घेतला नाही. डावाच होता, सांगितल्यासारखा. फक्त तो मी एसटी थांबवावी तसा हलवत होते.

“ती तिसऱ्या बाकावरची मुलगी,” साहेब म्हणाले. “तिला काहीतरी विचारायचंय.”

बाई वळल्या. त्यांनी आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “साहेब, ती…”

“विचारू दे की. ऊठ बाळ.”

मी उठले आणि विचारलं.

मोठे सर खोकले. साहेब पुढं झुकले.

“काल? म्हणजे हाच पाठ कालही झाला होता?”

पहिल्या बाकावरच्या एकानं जोशात उजवा हात वर केला. “आठ दिवस झालं सर, हाच चाललाय!”

मला वाटलं, आता बाई चिडतील. किंवा काहीतरी थाप मारतील. मला तेच बघायचं होतं. बाईंनी खडू ठेवला, हात पुसले आणि साहेबांकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाल्या, “प्रश्न बरोबर आहे, तेजल. काल आपण साधा दोरा गुंडाळला होता. तो कुठं सैल पडतो, कुठं ताणला जातो. पट्टीवर धरताना थोडं इकडंतिकडं होतं. हातानं मोजलं की तीन पॉइंट एक येतं, कधी तीन पॉइंट दोन येतं. ते चूक नव्हतं, मोजणं तसंच असतं. आजचा दोरा मी घरून मोजून, खूण करून आणलाय. म्हणून चौदा आलं. कळलं?”

“हो बाई.”

“अजून काही?”

“नाही बाई.”

“बस.”

साहेबांनी हजेरीपट मागवला. पटावर एकेचाळीस, वर्गात तेहतीस. “आठ मुलं कुठं आहेत?”

“मला काही कल्पना नाही साहेब,” मोठे सर म्हणाले. “वर्ग खरमाटेबाईंचा आहे.”

बाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग फळा पुसायला घेतला.

जाताना साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “नाव काय? तेजल म्हेत्रे? अशी मुलगी ब तुकडीत कशी काय हो?”

मधल्या सुट्टीत सुहानीनं मला उचलायचा प्रयत्न केला. “वाघीण आहेस गं तू! सरांचं तोंड बघितलंस का?” दुसऱ्या वर्गातल्या पोरी मला बघायला आल्या. मी तो प्रश्न पाचसहा वेळा करून दाखवला, साहेबांच्या आवाजासकट. आफ्रीन मात्र डबा उघडून नुसती बसली होती. मला वाटलं, पैज हरल्याचं दुःख असेल.

शुक्रवारी बाई आल्या नाहीत. दुसऱ्या तासाला शिपाई मला बोलवायला आला. मोठ्या सरांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या केबिनमध्ये विद्यार्थ्यानं खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“साहेब तुझ्यावर खूष आहेत. सोमवारपासून तू अ तुकडीत. घरी सांग.”

माझ्या पप्पांनी त्यासाठी दोनदा अर्ज केला होता. पप्पा यंत्रमागाच्या शेडवर जॉबर आहेत, बिघडलेले माग दुरुस्त करतात. अर्ज घेऊन गेले की ऑफिसच्या बाहेर चप्पल काढून उभे राहायचे. दोन्ही वेळा ‘जागा नाही’ म्हणून परत आले होते.

“फक्त एक छोटं काम आहे,” सर म्हणाले. “साहेबांनी बाईंची चौकशी लावलीय, त्यासाठी एका विद्यार्थ्याचा जबाब लागतो. तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगतो, तू लिही.”

मी लिहिलं. आम्हाला डावा-उजवा हात करायला खरमाटेबाईंनी शिकवले. दोरा बाईंनी घरून खूण करून आणला. आठ मुले बाईंच्या वर्गातील असून ती घरी राहिली.

“यात काही खोटं आहे का?”

“नाही सर.”

“मग कर सही.”

‘चौदाच आलं पाहिजे, काय करायचं ते करा’ हे वाक्य मला पाठ होतं. ते मी लिहिलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी सुचवलं नाही. पूर्ण नावाची सही केली, खाली तारीख घातली. डाव्या हाताचा वचपा निघाला, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं.

घरी आईनं चरखा थांबवला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पप्पांनी शेडवर सगळ्यांना सांगितलं. “साहेबाला निरुत्तर केलं पोरीनं,” ते म्हणत होते. साहेबांना कुठं! पण मी दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी ते पावशेर पेढे घेऊन आले आणि त्यातले अर्धे मी शनिवारी वर्गात वाटायला नेले.

शनिवारची सकाळची शाळा. सगळ्यांनी पेढे घेतले. कांचननं हात पुढं केला नाही.

“घे की. मी अ मध्ये चाललेय.”

“नको मला.”

“कांचे, एवढं काय? आता मी चाललेय तर चांगलं बोल.”

“तुझं नाव पण हुतं यादीत,” ती म्हणाली.

“कुठल्या यादीत?”

“घरी बसायच्या. बुधवारी मोठ्या सरांनी आम्हा आठ जणांना केबिनमध्ये उभं केलं. यादी वाचली. नववं नाव तुझं. बाई म्हणल्या, ती कशाला, ती तर वर्गात सगळ्यांत हुशार आहे. सर म्हणले, म्हणूनच. ती तोंड उघडणार आणि घोळ करणार.”

मी पेढ्याचा पुडा तसाच धरून उभी राहिले.

“आमच्यासाठी पण बाई लय बोलल्या, पण सर ऐकंनात. मग बाई म्हणल्या, तेजल वर्गात नसंल तर मी पाठ घेणार नाही, दुसरं कुणी बघा. सर म्हणले, मग तिचं तोंड बंद ठेवायची जबाबदारी तुमची. तवा बाई म्हणल्या, ती डावा हात करंल. मी सांगते तिला.”

“तू हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू कधी बोलतीस का माझ्याशी?”

मागून आफ्रीन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “आणि पैजेत ‘काल’ नव्हतं,” ती म्हणाली.

पहिल्या ओळीत मी जो प्रश्न लिहिलाय तो पैजेतला नाही. आफ्रीननं लावलेली पैज साधी होती. ‘बाई, तीन पॉइंट एक का येत नाही?’ एवढंच विचारायचं होतं. त्यानं काही बिघडलं नसतं. बाईंनी दोरा कसा ताणला जातो ते सांगितलं असतं, साहेबांनी मान डोलावली असती. ‘काल’ आणि ‘ह्याच झाकणाचं’ हे मी घातलं. टाकीपासून वर्गापर्यंत येताना ठरवून घातलं. तालीम उघडी पडेल, बाई सापडतील, हे कळत होतं म्हणूनच घातलं.

“बाई काल आमच्या घरी आल्या हुत्या,” कांचन म्हणाली. “आठी घरं फिरल्या म्हणं. माझ्या आईला म्हणल्या, तुमच्या पोरीला घरी बसवलं, माझं चुकलं. चहा पण घेतला नाही.”

“सरांचं नाव घेतलं?”

“न्हाई.”

उरलेले पेढे मी परत दप्तरात ठेवले. पुढच्या दोन तासांत काय शिकवलं ते आठवत नाही.

घरी आले तेव्हा पप्पा जेवायला बसत होते. आईनं माझं ताट वाढलं. “काय झालं? पेढे उरले का?”

“पप्पा, मी सरांना एक कागद लिहून दिलाय.”

“कसला?”

मी सांगितलं. यादी, डावा हात, जबाब, सरांनी दारातून म्हटलेलं वाक्य. ‘काल’चं सांगताना मला थांबावं लागलं. पप्पांनी घास ताटात ठेवला.

“म्हणजे बाईला तू मुद्दाम अडकवलंस?”

“हो.”

“मी सगळ्या शेडला सांगितलं, पोरीनं साहेबाला निरुत्तर केलं.”

“साहेबांना नाही, पप्पा. बाईंना करायचं होतं. आणि त्याही निरुत्तर झाल्या नाहीत.”

पप्पांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते नुसते भिंतीकडं बघत बसले. आई म्हणाली, “झालं ते झालं. पोर आहे. बाईंना दुसरीकडं मिळंल की नोकरी. आता सरांशी वाकडं घेऊ नकोस. आणखी तीन वर्षं काढायचीत तुला तिथं.”

“आई, त्या आठ घरी जाऊन आल्या. आपल्या घरी आल्या नाहीत. आपल्याकडून मीच जायला पाहिजे होतं ना त्यांच्याकडं?”

आईनं माझ्या ताटात उगीच आणखी एक भाकरी वाढली.

“सोमवारी सर म्हणतील, एवढी हुशार आणि दोन दिवसांत जबाब फिरवते,” पप्पा म्हणाले. “दाखला हातात देतील. मग?”

“देऊ देत.”

“आणि एवढं करूनही बाई राहिल्या नाहीत तर?”

हा प्रश्न मी स्वतःला शाळेतून घरी येईपर्यंत विचारत आले होते. तरी मी ताट बाजूला सारून उभी राहिले.

“आज मी बाईंच्या घरी जाणार आहे, आणि काय काय केलं ते सगळं त्यांना सांगणार आहे. सोमवारी मोठ्या सरांकडं जाऊन तो कागद परत मागणार. त्यांनी दिला नाही तर दुसरा लिहिणार, सगळं लिहिणार, माझंही, आणि सांगलीला साहेबांना नेऊन देणार. पप्पा, तुम्ही येणार असलात तर बरं होईल, नाहीतर मी एकटी एसटीनं जाईन. आणि अ तुकडीत मी बसणार नाही.”